मोबाईलवर सीटी, एमआरआय पाहायचे आहेत? आधी मूळ प्रतिमा मागून घ्या

उमापूरच्या एका वाचकांनी विचारले आहे, की वडिलांचा सीटी स्कॅन झाला, सेंटरवाल्यांनी सीडी दिली, आता ती मोबाईलवर पाहण्यासाठी कोणते ॲप घ्यावे? प्रश्न एका ओळीचा आहे, पण तो त्यांच्या एकट्याचा नाही. माझ्या दवाखान्यातही आठवड्यातून दोघे-तिघे हेच विचारतात. म्हणून या आठवड्याचा लेख याच विषयावर.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ॲप कोणते, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की त्या ॲपमध्ये घालण्यासाठी आपल्याजवळ आहे काय? यंत्रातून निघालेली मूळ प्रतिमा आहे, की फिल्मचा मोबाईलने काढलेला फोटो? मूळ प्रतिमा हाती असेल तर अनेक मोफत ॲप्स कामाची आहेत. ती नसेल तर पैसे मोजून घेतलेले ॲपही कुचकामी. आणि तिसरी गोष्ट, ॲप कितीही चांगले असले तरी त्यावर पाहून घरच्या घरी निदान करायचे नाही. ॲप हे प्रतिमा सांभाळण्याचे आणि योग्य डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याचे साधन आहे. एवढे मनाशी पक्के करून पुढे वाचावे.

खिडकीच्या काचेवरची फिल्म

आपल्या भागात एक्स-रे काढण्याला "फोटो काढला" असेच म्हणतात. छातीचा फोटो, मेंदूचा फोटो, मणक्याचा फोटो. उमापूरच्या माणसाला ताप-खोकल्याचे औषध गावात मिळते. पण सीटी, एमआरआय म्हटले की बहुधा बीड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, नाहीतर शेवगावमार्गे अहिल्यानगर. तपासणी एका गावी, उपचार करणारे डॉक्टर दुसऱ्या गावी आणि सल्ला देणारे पाहुणे पुण्याला, अशी स्थिती. मग काय करतात? पिशवीतून फिल्म काढायची, खिडकीच्या काचेला लावायची, मोबाईलने फोटो घ्यायचा आणि व्हॉट्सॲपवर पाठवून द्यायचा. चार मिनिटांत पाहुण्यांचा निरोप येतो, "नीट दिसत नाही, परत पाठवा."

नीट दिसत नाही याला कारणे आहेत. सीटी स्कॅनमध्ये शरीराचे पातळ पातळ काप घेतलेले असतात. पोटाच्या तपासणीत असे काप शेकड्यांनी असू शकतात. फिल्मवर मात्र त्यातले वीस-पंचवीस निवडून छोट्या चौकोनांत छापतात. म्हणजे फिल्म ही आधीच निवडक प्रत. तिचा फोटो काढताना काचेवरचा उजेड, हाताची सावली, तिरका कोन यांनी आणखी बिघाड होतो. मग व्हॉट्सॲप फोटोचा आकार लहान करून पाठवते. पाहुण्यांनी तो बोटांनी मोठा केला, की उरतात काळे-पांढरे ठिपके. त्यातून फिल्म उलटी धरली गेली असेल तर डावे ते उजवे होते. कोपऱ्यातले नाव आणि तारीख फोटोत आलेली नसेल, तर ही तपासणी कोणाची आणि कोणत्या वर्षाची हेही कळत नाही.

सातबाऱ्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढून तिचा मोबाईलने फोटो घेतला आणि तो घेऊन बँकेत कर्ज मागायला गेले, तर साहेब काय म्हणेल? जमिनीच्या कागदाबाबत आपण किती काटेकोर असतो! शरीराच्या कागदाबाबत तेवढा काटेकोरपणा का नसावा?

मूळ प्रतिमा म्हणजे काय?

विल्हेल्म राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञाला क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला. त्यानंतर कितीतरी दशके प्रतिमा म्हणजे फिल्म, हेच समीकरण होते. १९७१ साली लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. हे यंत्र घडवणारे गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांना, ॲलन कॉरमॅक यांच्यासह, १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सीटीची प्रतिमा संगणकाने आकडेमोड करून बनवलेली असते. तिचा खरा जन्म संगणकात होतो, फिल्म नंतर छापली जाते.

पुढे अडचण अशी आली, की प्रत्येक कंपनीचे यंत्र आपली प्रतिमा आपल्याच पद्धतीने साठवी. एकाची प्रतिमा दुसऱ्याच्या संगणकावर उघडेना. म्हणून अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना आणि यंत्र बनवणाऱ्यांची संघटना यांनी १९८३ साली एकत्र समिती नेमली. १९८५ साली पहिला मसुदा आला आणि १९९३ साली त्याला "डायकॉम" हे नाव मिळाले. आज जगभर एक्स-रे, सीटी, एमआरआय, सोनोग्राफी यांच्या प्रतिमा याच पद्धतीने साठवतात. बीडला काढलेला सीटी मुंबईत काय किंवा लंडनमध्ये काय, तसाच्या तसा उघडतो तो यामुळेच.

डायकॉम फाईलमध्ये चित्राबरोबर रुग्णाचे नाव, वय, तपासणीची तारीख, डावी-उजवी बाजू, कापाची जाडी आणि चित्रातल्या एका ठिपक्याचे मिलिमीटरमधले माप हेही असते. त्यामुळे गाठ किती मिलिमीटरची आहे हे मूळ प्रतिमेवर मोजता येते. व्हॉट्सॲपच्या फोटोवर मोजपट्टी लावून काहीच कळत नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट करड्या रंगाच्या छटांची. सीटीच्या मूळ प्रतिमेत साधारण चार हजार छटा साठवलेल्या असतात. हौन्सफिल्ड यांच्या नावाच्या मोजपट्टीवर पाण्याचा आकडा शून्य, हवेचा उणे एक हजार, हाडाचा अनेक शेकडे. साधा मोबाईलचा पडदा मात्र एका वेळी २५६ छटाच दाखवतो. मग डॉक्टर काय करतात? पाहायचे फुप्फुस असेल तर त्याच्या आकड्यांभोवतीच्या छटा उघडतात, हाड पाहायचे असेल तर हाडाच्या. याला खिडकी बदलणे म्हणतात. भर दुपारी उन्हातून येऊन विहिरीत डोकावले तर तळ दिसत नाही. डोळे जरा अंधाराला सरावले की पायऱ्या, पाणी, कपार सगळे दिसू लागते. विहीर तीच, नजर बदललेली. मूळ प्रतिमेत ही नजर हवी तेव्हा बदलता येते. फिल्मवर एकदा जी खिडकी छापली ती छापली. फिल्मच्या फोटोतून तर लपलेली छटा परत आणणे कोणत्याही ॲपला शक्य नाही.

प्रतिमा मिळवायची कशी?

तपासणीचे पैसे भरतानाच काउंटरवर सांगावे, "फिल्म आणि रिपोर्टबरोबर मूळ प्रतिमांची डायकॉम फाईलही द्या." सेंटरवाले सीडी देतात, पेन ड्राईव्हवर देतात किंवा मोबाईलवर लिंक पाठवतात. लिंक आली तर त्याच आठवड्यात फाईल उतरवून घ्यावी. काही लिंका ठरावीक मुदतीनंतर बंद होतात. फक्त "फोटोची पीडीएफ" मिळाली तर समाधान मानू नये. ती मूळ प्रतिमा नव्हे.

"मागितले तर रागावतील" असे अनेकांना वाटते. वाटू देऊ नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटले आहे, की रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने वैद्यकीय कागदपत्रे मागितली तर ती ७२ तासांच्या आत द्यावीत. त्याच नियमांत दाखल रुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन आहे. पण वर्षानंतर जाऊन शोधाशोध करण्यापेक्षा त्याच दिवशी मागणे शहाणपणाचे.

सीडी मिळाली की नवी अडचण. मोबाईलला सीडी कोठे घालणार? नव्या लॅपटॉपलाही सीडीची खाच नसते. अशा वेळी ज्यांच्याकडे जुना संगणक आहे अशा फोटो स्टुडिओत, सायबर कॅफेत किंवा ओळखीच्या शिक्षकांकडे जाऊन सीडीतील सगळेच्या सगळे पेन ड्राईव्हवर उतरवून घ्यावे. मोबाईलला पेन ड्राईव्ह जोडण्याची छोटी ओटीजी पिन बाजारात मिळते. सीडीवर पाहण्याचा एक प्रोग्रॅमही असतो, पण तो बहुतेक वेळा विंडोज संगणकासाठीच असतो, मोबाईलवर चालत नाही. आपल्याला हवी ती प्रतिमांची फोल्डर. त्यातल्या फायलींच्या नावापुढे कधी "डीसीएम" असते, कधी काहीच नसते. म्हणून "ही फाईल कसली" असे समजून कोणतीही पुसू नये. आणि दुकानातल्या संगणकावर आपली प्रत राहिली असेल तर ती मात्र तिथल्या तिथे पुसून घ्यावी.

प्रतिमा पुढे पाठवायच्या असतील तर फोल्डरची एक झिप फाईल करावी आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावी. तशी पाठवली की तिचा दर्जा कमी होत नाही. सीटीचा एक काप साधारण अर्धा एमबी भरतो. पाचशे काप असतील तर अडीचशे एमबी. तेव्हा रेंज नीट असलेल्या ठिकाणी बसूनच हे काम करावे.

ॲप निवडताना पाच कसोट्या

आता ॲपकडे येऊ. मी मुद्दामच एका नावाची शिफारस करत नाही. ॲप्स येतात, जातात, मालक बदलतात, मोफतची विकतची होतात. कसोटी मात्र बदलत नाही. प्ले स्टोअरवर "डायकॉम व्ह्यूअर" असे शोधले की पाच-दहा नावे समोर येतील. त्यांना पुढील कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी, इंटरनेट बंद करून पाहण्याची. ॲप उतरवून घेतले की मोबाईल विमान मोडवर टाकावा आणि मग प्रतिमा उघडावी. उघडली, तर ॲप आपल्या मोबाईलमध्येच काम करते. उघडली नाही, "आधी अपलोड करा" म्हणाले, तर आपल्या आई-वडिलांचे नाव, वय आणि आजार कोणाच्या तरी दूरच्या संगणकावर जाणार आहे हे ओळखावे. डॉक्टर किंवा रुग्णालय आपल्या व्यवस्थेत अपलोड करायला सांगतात तेव्हा गोष्ट वेगळी. अनोळखी ॲपला मात्र हे देऊ नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ साली झाला आहे. पण कायद्याच्या दारात जाण्याची वेळ न आलेली बरी.

दुसरी, ॲप संपूर्ण फोल्डर किंवा झिप एकदम उघडते का? एकेक फाईल उघडावी लागत असेल तर पाचशे काप पाहणार कधी? बोट वर-खाली फिरवले की काप पुस्तकाच्या पानांसारखे एकामागून एक सरकले पाहिजेत.

तिसरी, वर सांगितलेली खिडकी बदलता येते का? फुप्फुस, हाड, मेंदू असे तयार पर्याय असतील तर उत्तम. मिलिमीटरमध्ये मोजण्याची सोयही हवी.

चौथी, रुग्णाचे नाव, तारीख आणि डावी-उजवी बाजू प्रतिमेवर दिसते का? एका घरात तिघांच्या तपासण्या एकाच मोबाईलमध्ये असतात. आजोबांचा सीटी नातवाचा म्हणून दाखवला जाऊ नये.

पाचवी, ॲप मागते काय? प्रतिमा दाखवायला फोनमधल्या नंबरांची यादी, मायक्रोफोन, तुम्ही कोठे आहात याची माहिती यांची काहीही गरज नाही. जे मागते ते काढून टाकावे. दर दोन मिनिटांनी जाहिरात दाखवणारेही नको.

अशा अनेक ॲप्सवर "हे निदानासाठी नाही" अशी सूचना लिहिलेली असते. ती वाचून काहीजण म्हणतात, मग उपयोग काय? मी म्हणतो, ही सूचना लिहिणारा प्रामाणिक आहे.

मोबाईलचा पडदा कोठे पुरतो, कोठे पुरत नाही

प्रामाणिक का, ते सांगतो. सीटीचा एक काप सहसा ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा असतो, म्हणजे सुमारे दोन लाख बासष्ट हजार ठिपके. आजच्या अनेक स्मार्टफोनच्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. म्हणजे सीटीचा आणि बहुतेक एमआरआयचा काप मोबाईलवर पूर्ण मावतो. छातीचा डिजिटल एक्स-रे मात्र कित्येक लाख ठिपक्यांचा असतो. तो पडद्यावर बसवताना आपोआप दाबला जातो. केसासारखी बारीक हाडाची चीर, फुप्फुसातला छोटा डाग अशा ठिकाणी नजरेतून सुटू शकतो. स्तनांच्या तपासणीच्या मॅमोग्राफीसाठी तर तज्ज्ञ पन्नास लाख ठिपक्यांचे खास मोठे पडदे वापरतात. मॅमोग्राफी मोबाईलवर पाहून "काही नाही" असे कोणी म्हणाले तर त्यावर विसंबू नये.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ४ फेब्रुवारी २०११ रोजी "मोबाईल एमआयएम" या ॲपला मंजुरी दिली. डॉक्टरांनी मोबाईलवर वैद्यकीय प्रतिमा पाहून निदान करावे यासाठी मंजूर झालेले हे पहिले ॲप. त्या मंजुरीतही अट होती, की मोठा संगणक हाताशी नसेल तेव्हाच ते वापरावे. त्यात एक छान युक्ती होती. पडद्याच्या एका भागाची छटा किंचित वेगळी केलेली असे. डॉक्टरांना तो भाग ओळखून त्यावर बोट ठेवता आले, तर खोलीतला उजेड प्रतिमा पाहण्यायोग्य आहे असे समजायचे. निष्णात डॉक्टरांच्या डोळ्यांनाही उजेडाची परीक्षा द्यावी लागते, तर बसस्टँडवर उन्हात उभे राहून मोबाईल डोळ्यांजवळ धरणाऱ्या आपण मंडळींनी काय पाहायचे? डॉक्टरांना प्रतिमा दाखवताना निदान सावलीत बसावे, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवावा आणि रात्रीचा पिवळा प्रकाश बंद करावा.

मग मोबाईलचा खरा उपयोग कोठे? वेळ कमी असतो तेथे. पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि ते देण्यापूर्वी मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे सीटीवर पाहावेच लागते. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचेही तसेच. बीडला सीटी झाला, संभाजीनगरच्या न्यूरोसर्जनने मूळ प्रतिमा आपल्या मोबाईलवर पाहिल्या, तर रुग्ण ॲम्ब्युलन्समध्ये असतानाच तिकडे तयारी सुरू होते. व्हिडिओ, फोन किंवा संदेशाद्वारे सल्ला देण्याची रीतसर मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी जाहीर केली आहेत. तेव्हा डॉक्टरांनी दुरून प्रतिमा पाहणे यात काही गैर नाही. मात्र पाहणारे डॉक्टर हवेत आणि पाहायला मूळ प्रतिमा हवी.

फोटो टाका, आजार ओळखा?

हल्ली आणखी एक प्रकार आला आहे. एक्स-रेचा फोटो टाका, ॲप आजार सांगते. यातही दूध आणि पाणी वेगळे करायला हवे. छातीच्या डिजिटल एक्स-रेवर क्षयाची शंका ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालींना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली, पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या चाळणी तपासणीसाठी मान्यता दिली. त्या वेळी तपासल्या गेलेल्या प्रणालींत मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीची प्रणालीही होती. पण ही चाळणी आहे. शंका आली की थुंकीची तपासणी करावीच लागते. शिवाय या प्रणाली मूळ डिजिटल प्रतिमा पाहतात आणि आरोग्य यंत्रणेच्या देखरेखीखाली चालतात. गप्पा मारणाऱ्या साध्या ॲपमध्ये खिडकीवरच्या फिल्मचा फोटो टाकून आलेले उत्तर त्या पंक्तीत बसत नाही. निदान करणारे सॉफ्टवेअरही आपल्या देशात २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या कायद्याखाली येते. जे त्या नियमांतून गेलेले नाही, त्याच्या उत्तरावर औषध सुरू करू नये किंवा चालू औषध बंदही करू नये.

दुसरे मत हे गरिबाचेही हक्काचे

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. "आम्हा अडाण्यांना त्या चित्रातले काय कळणार?" असेही काही वडीलधारी म्हणतात. कळण्यासाठी नाहीच. सातबारा घरात असतो तो काय रोज वाचायला? वेळ आली की योग्य माणसापुढे ठेवायला असतो.

आणि वेळ आपल्या बीड जिल्ह्यावर आलेली आहे. ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ साली राज्यभर गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या माहितीनुसार जिल्ह्यात ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले आणि त्यांतील १३ हजार ८६१ महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. या शस्त्रक्रियांत आवश्यक किती आणि अनावश्यक किती, हा वाद येथे नको. मला एवढेच म्हणायचे आहे, की "पिशवी खराब आहे, काढावी लागेल" असे ऐकल्यावर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा प्रत्येक बाईचा हक्क आहे. सोनोग्राफीची गोष्ट थोडी वेगळी, हेही ध्यानात ठेवावे. ती करणाऱ्याच्या हातावर आणि त्याच क्षणी पडद्यावर दिसणाऱ्या चित्रावर अवलंबून असते. साठवलेली चित्रे चार-दोनच असतात. त्यावरून दुसरे मत देणे कठीण. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेआधी सोनोग्राफी दुसरीकडे पुन्हा करून घ्यावी. तिच्यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे अपाय नाही. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय यांचा पर्याय आपल्याच जिल्ह्यात आहे. गर्भलिंग जाणून घेण्यासाठी सोनोग्राफीच्या चित्रांचा वापर करणे वा करवणे हा मात्र १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे; मोबाईलवर केले म्हणून तो सुटत नाही.

सीटीचे उलटे आहे. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण आठ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग शरीराला मिळतो. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो. म्हणजे सुमारे तीन वर्षांचा किरणोत्सर्ग एका तपासणीत. गरज असेल तेव्हा तो जरूर घ्यावा, घाबरू नये. पण केवळ "आधीची फिल्म नीट दिसत नाही" म्हणून सीटी पुन्हा काढावा लागला, तर किरणांचा मारा दुप्पट, आणि पैसेही दुप्पट. ऊसतोड मजुराने मुकादमाकडून उचल घेऊन भरलेले ते पैसे असतात, हे विसरून चालणार नाही.

म्हणून माझी रेडिओलॉजी सेंटरांना विनंती आहे, की रुग्णाने मागण्याची वाट न पाहता मूळ प्रतिमा त्याच्या हाती द्याव्यात आणि त्या कशा उघडायच्या हे मराठीत चार ओळींत लिहून पाकिटावर चिकटवावे. गावचे डॉक्टर, आशाताई आणि शाळा-कॉलेजातली मोबाईलमध्ये तरबेज मुले यांनीही शेजाऱ्यापाजाऱ्यांना एवढी मदत करावी.

तोवर घरोघरी करता येण्याजोगे काम पुढीलप्रमाणे. फिल्म फेकू नये. ती उष्णतेने काळवंडते, म्हणून पत्र्याखाली किंवा गाडीत उन्हात ठेवू नये, पेटीत सपाट ठेवावी. मूळ प्रतिमांच्या दोन प्रती असाव्यात, एक मोबाईलमध्ये आणि एक घरच्या पेन ड्राईव्हवर. फोल्डरला रुग्णाचे नाव, तपासणी आणि तारीख असे नाव द्यावे. रिपोर्टच्या कागदाचा स्वच्छ फोटोही त्यातच ठेवावा, कारण तज्ज्ञाने लिहिलेला रिपोर्ट आणि प्रतिमा एकमेकांशिवाय अपुऱ्या आहेत.

दसरा-दिवाळी झाली की उमापूर आणि आसपासच्या गावांतून कितीतरी कुटुंबे कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. कोयता, भांडी, धान्य सगळे आठवणीने बांधले जाते. ज्यांच्या घरी मणक्याचा, पोटाचा, मेंदूचा काही आजार चालू आहे, त्यांनी निघण्यापूर्वी मूळ प्रतिमा आणि रिपोर्ट मोबाईलमध्ये घेऊन ठेवावेत. परमुलखात रात्री-बेरात्री दवाखान्यात जावे लागले, तर तिथल्या अनोळखी डॉक्टरांना आपली ओळख त्यावरूनच पटेल.